आप्पांना विचारा

सकाळी उठलं की त्या घरात आधी सासूबाईंच्या ऑक्सिजनचा काटा बघायचा, मग बाकीचं जग. वर घर, खाली ऑफिस आणि गोदाम. घरोघरच्या पेशंटना ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवायचे, हा धंदा. आणि तो चालायचा सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेल्या एकतीस कॉम्प्युटर प्रोग्रॅमवर.

कुठला प्रोग्रॅम काय करतो हे लिहून ठेवायचं नाही, ही घराची रीत. विद्या कानात सांगायची, तीही थोरल्या मुलाच्या, योग्य वेळ आली की. थोरला चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता. वेळ अजून यायची होती. सुनेच्या कानाचा तर प्रश्नच नव्हता.

महिन्यापूर्वी सुनेने हट्ट धरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एआय एजंट बसवून घेतला. ऑर्डरी घ्यायच्या, गाड्या सोडायच्या, हे त्याचं काम. पण तो बिचारा लिहिलेलं वाचून चालणारा. त्याला प्रत्येक प्रोग्रॅमची माहिती हवी होती. आप्पांनी एका चहात एकतीसच्या एकतीस नोंदी उरकल्या. त्यातली सगळ्यात लांबलचक अशी: "माल पाठवणे. संख्या द्या. शंका आल्यास आप्पांना विचारा."

एजंट कामाला लागला त्या पहिल्याच दिवशी आप्पा दाढ काढायला गेले होते.

पहिली ऑर्डर तिसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड मास्तरांची. महिन्याचे दहा सिलिंडर.

"संख्या म्हणजे काय मोजायचं, ते लिहिलेलं नाही," एजंट म्हणाला. "आप्पांना फोन लावला. ते 'आँ' म्हणाले."

"सिलिंडरच मोजणार," सून म्हणाली. "इथे काय टोमॅटो आहेत?"

प्रोग्रॅम मात्र सिलिंडर ठेवायचे लोखंडी पिंजरे मोजायचा. एका पिंजऱ्यात सहा सिलिंडर. थोरल्याने सगळं गोदाम, अगदी आईचा राखीव सिलिंडरसुद्धा, मुकाट्याने गाडीत चढवलं. प्रश्न विचारायची त्या घरात रीतच नव्हती.

तासाभराने मास्तरांचा फोन. "सूनबाई, बारा जिन्यात आहेत, चार न्हाणीघरात. वर अजून येतायत. शेजारी विचारतायत, मास्तर समुद्रात उतरणार आहेत का."

सुनेला हसू फुटलं, तेवढ्यात वरून सासूबाईंची घंटी वाजली. ती धावत वर गेली. काटा लाल पट्ट्यात होता. फार तर अर्धा तास. ती खाली पळाली. गोदामात रिकाम्या जमिनीवर एक झाडू पडला होता.

"गाडी वळवली तरी पाऊण तास," थोरला फोनवर म्हणाला. "आणि आधी मला या जिन्यातून बाहेर पडायला हवं."

अ‍ॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, चाळीस मिनिटं. मागच्याच गल्लीत ऑक्सिजन भरायचा प्लांट होता. तिथला माणूस फोनवर म्हणाला, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरवरून निरोप आल्याशिवाय गेट उघडत नाही. आप्पांनीच तसं करून घेतलंय."

"निरोप कुठला प्रोग्रॅम पाठवतो?" तिने एजंटला विचारलं.

"अठरा किंवा एकोणीस. अठराला लिहिलंय, 'तातडी'. एकोणीसला लिहिलंय, 'तातडी, दुसरी'."

"अठरा लाव."

"चुकलं तर काय होईल, ते लिहिलेलं नाही. एकदा अंदाजाने चाललो, साठ सिलिंडर मास्तरांकडे गेले. आता प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे."

वरची घंटी पुन्हा वाजली. या वेळी अर्धीच.

ती स्वतःच अठराचं बटण दाबणार, तोच दारात आप्पा. गाल सुजलेला, अर्धं तोंड बधिर.

"आप्पा, अठरा की एकोणीस? आईंचा संपत आलाय."

"ओओ... ईई," आप्पा म्हणाले. त्यातून देवालाही काही कळलं नसतं.

तिने वही पुढे सरकवली. आप्पांनी पेन उचललं. दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि कागदावर हाताचा आडोसा धरला. पंचवीस वर्षांची सवय. वरून घंटी वाजली नाही. नुसता खोकला आला, आणि मग तोही थांबला.

आप्पांचा हात बाजूला झाला. वेड्यावाकड्या अक्षरात उमटलं: "१९ म्हणजे प्लांटवरून लगेच सिलिंडर. पेशंटचा नंबर द्या. १८ म्हणजे गॅसगळती. प्लांटचं गेट तासभर बंद."

सुनेने अठरावरचं बोट उचललं. एजंटने सासूबाईंचा नंबर देऊन एकोणीस लावला.

सिलिंडर सात मिनिटांत आला. वर काटा शून्याला टेकला होता आणि सासूबाईंचे ओठ शाईसारखे निळे पडले होते. नळी जोडली. ओठांवर हळूहळू रंग परतला.

संध्याकाळी आप्पांची जीभ सैल झाली. पहिलं वाक्य निघालं, "तो कागद दे. फाडायचाय. घराण्याची रीत आहे."

"नाही देणार," सून म्हणाली. लग्नानंतर तेरा वर्षांत तिने या घरात हा शब्द पहिल्यांदा वापरला होता.

"थोरल्याला सांगेन मी. योग्य वेळ..."

"वेळ दुपारीच येऊन गेली," पलंगावरून आवाज आला. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या, नाकाला नळी. "सूनबाई, किती प्रोग्रॅम लिहून झाले?"

"दोन, आई."

"म्हणजे एकोणतीस राहिले." त्यांनी श्वास घेतला. पुरेसा. "वही त्यांच्यासमोर ठेव."

आप्पांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"बोलायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "लिहायचं."