बर्फावरचा भूगोलाचा तास

"लेम्पीला मी सोमवारपासून फिनिश तुकडीत पाठवतेय," कॉफीचा कप टेबलावर ठेवत हिल्का म्हणाली. "सातवीतली पोरगी, पण भूगोलाच्या तासाला तोंड म्हणून उघडत नाही. इंग्लिश तिला झेपणारं नाही."

शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीबाहेर गोठलेलं तळं निळसर धुक्यात पहुडलं होतं. आभाळ कुठं संपतं आणि बर्फ कुठं सुरू होतो, ते बघणाऱ्यानंच ठरवायचं. फेब्रुवारीत आमच्याकडे सकाळ अशीच असते, अर्धवट झोपेतली.

तौनो हा शाळेतला इंग्लिशचा सगळ्यात जुना शिक्षक. दालचिनीचा बन कॉफीत बुडवत तो म्हणाला, "तुझ्या तासाला बोलतं तरी कोण गं? दोघी-तिघी, ज्यांच्या सुट्ट्या लंडनमध्ये जातात त्या!"

"नियम म्हणजे नियम. भूगोल इंग्लिशमधून शिकायचा तर वर्गात फिनिश शब्द नको. भाषा अशीच येते."

"भाषा येते, पण भूगोल जातो त्याचं काय? आणि कुणी चुकलं की पोरं आपल्या मोटारशर्यतवाल्यांच्या मोडक्या बोलण्यावरून 'रॅलीवाल्याचं इंग्लिश' म्हणून खिदळतात, तेव्हा तू गप्प बसतेस."

हिल्काला ते झोंबलं. तिलाही लोकांच्या हसण्याची भारी धास्ती होती. रोज संध्याकाळी उद्याच्या तासाचं एकेक वाक्य ती घोकून ठेवायची आणि न घोकलेलं एकही वाक्य तोंडातून जाऊ द्यायची नाही. तशी आमच्या मुलखाची रीतच आहे. वाक्य मनात घासूनपुसून लख्ख झाल्याखेरीज इथं कुणी ते बाहेर काढत नाही. मायबोलीतसुद्धा नाही, मग परक्या भाषेचं तर बोलायलाच नको!

दुसऱ्या दिवशी तिनं वर्ग तळ्यावर नेला. बर्फाची जाडी सगळीकडे सारखी का नसते, हा त्या दिवसाचा धडा. रात्री ताजा हिम पडला होता. पांढऱ्या दुलईवर मुलांचे पाय अलगद उमटत होते आणि दूरच्या काठावरची झाडं धुक्यात तरंगत होती. कुणी मोठ्यानं श्वास घेतला तरी स्वप्न मोडेल असं वाटत होतं. वाट दाखवायला बर्फात रोवलेल्या फांद्यांच्या रांगेपाशी येऊन हिल्का थांबली. खांद्यावर बर्फाला भोक पाडायचा गिरमिट, गळ्यात सगळेच घालतात तसे, पाण्यात पडलं तर बर्फात रोवून वर यायचे दोन अणकुचीदार खिळे.

"आता आपण खाडीच्या तोंडाशी मोजू," ती तिच्या पाठ केलेल्या इंग्लिशमध्ये म्हणाली. "काही शंका?"

सगळे गप्प. इथं मुलं शिक्षकांना नावानंच हाक मारतात, पण गप्प बसणं हा सभ्यपणा, त्यामुळे तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

लेम्पीचं घर पलीकडच्या काठावर होतं. ती रोज स्की लावून इथूनच शाळेत यायची; आजही त्या तिच्या खांद्यावर होत्या. खाडीच्या तोंडाशी, जिथं तळं अरुंद होतं, खालून पाणी वाहतं, तिथला बर्फ कागदासारखा असतो आणि ताज्या हिमानं तो झाकला गेलाय, हे तिला पक्कं माहीत होतं; हिल्काला मात्र वरचा हिम सगळीकडे सारखाच दिसत होता. ती मनातल्या मनात इंग्लिश शब्द जुळवत होती. एक सापडे, तोवर दुसरा निसटे. आणि हिल्का फांद्यांच्या पलीकडे निघालीसुद्धा!

"थांब! हिल्का, तिकडं नको जाऊ!" लेम्पी फिनिशमध्ये ओरडली.

मागे दोघीजणी फिसकन हसल्या. हिल्कानं मान वळवली आणि सवयीनं म्हणाली, "लेम्पी, इंग्लिशमध्ये सांग." म्हणता म्हणता तिनं पुढचं पाऊल टाकलं.

मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. बर्फानं नुसता उसासा टाकला आणि हिल्का छातीपर्यंत काळ्या पाण्यात!

"सगळे मागं व्हा! एका जागी गर्दी करू नका!" लेम्पी पोटावर आडवी पडून सरपटत पुढे गेली आणि तिनं आपली स्की पुढे सरकवली. "हिल्का, आलीस त्याच बाजूनं वळ! खिळे रोव! पाय मार, जोरात मार! आता उभी राहू नकोस, लोळत ये!"

हिल्कानं निमूट सगळं ऐकलं आणि लोळत बर्फावर आली. कोणत्या भाषेत ऐकलं, हे त्या वेळी तिच्या ध्यानातही आलं नाही.

तासाभरानं शाळेच्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, तापून, दोन घोंगड्यांत गुंडाळून ती बसली होती. तौनोनं गरम चहा हातात दिला.

"मला वाचवायला ओरडणाऱ्या पोरीला मी म्हटलं, इंग्लिशमध्ये सांग!" तिला रडू फुटलं. "तौनो, काय झालं होतं मला?"

"लेम्पी वर्षभर गप्प होती ती न कळल्यामुळे नव्हे गं. तिला सगळं कळत होतं, फक्त तुझ्या दारातून आत यायला जागा नव्हती. इंग्लिश आपल्या घरची पाहुणी. तिला मानानं बसव, खाऊपिऊ घाल. पण पाहुणी आली म्हणून घरच्या माणसाला कुणी बाहेर काढतं का?"



सोमवारी हिल्का वर्गात आली ती काहीही न घोकता. पहिल्याच वाक्याला अडखळली, दुसरं साफ आपटलं. मागून खिदळणं ऐकू आलं, तशी तीही हसली. "मी चुकणार आहे, तुम्हीही चुका. हसायचं तर आपल्या चुकीला, दुसऱ्याच्या नाही. अडलं की खुशाल फिनिश." मग तिनं खडू पुढे केला. "लेम्पी, त्या दिवशी मी तुझं ऐकलं नाही. चूक माझी होती. आज सांगशील?"

लेम्पीनं फळ्यावर खाडी काढली. अर्धं इंग्लिश, अर्धं फिनिश, मधेच नुसते हातवारे. पण खालून वाहणारं पाणी सगळ्यांना दिसायला लागलं. शब्द अडला तेव्हा लंडनवाल्यांपैकी एकीनं तो हळूच पुरवला आणि वर विचारलं, "मग पुलाखाली पण असंच असतं का?" वर्षात पहिल्यांदाच कुणी भूगोलाचा प्रश्न विचारला होता!

तास संपल्यावर हिल्कानं लेम्पीला थांबवलं. "मी तुला दुसऱ्या तुकडीत पाठवणार होते. आता तूच सांग, काय करायचं?"

लेम्पी गप्प. हिल्का थांबली. घाई केली नाही, वाक्य पुरवलं नाही, नुसती थांबली.

"मी याच तुकडीत राहते," लेम्पी इंग्लिशमध्ये म्हणाली. वाक्य मोडकंतोडकं होतं. हिल्कानं ते दुरुस्त केलं नाही.

वाचकहो, परकी भाषा जरूर शिकवू या, तिच्यातून भूगोल शिकवू, विज्ञान शिकवू. पण लेकराच्या हातातून त्याची भाषा काढून घेऊन नव्हे. आधी त्याला बोलू द्या. सुधारायला जन्म पडलाय. तोंड उघडायच्या आत ज्याला आपण 'नीट बोल' म्हणून गप्प करतो, तो उद्या आपला पाय चुकीच्या जागी पडताना पाहील आणि शब्द जुळवत उभा राहील.