काहीच होत नाही

आठ दिवसांच्या खाड्यानंतर नवव्या दिवशी नळ आला आणि गीताबाई उठल्या नाहीत. सर्जेराव बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. परत आले तेव्हा पाणी येऊन गेलं होतं, टाकी कोरडी होती, आणि नळापासून चार हातांवर गीताबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीत पहिला हंडा कायम त्यांचा असायचा. सून रत्नमाला कामावरून आली, टाकीत डोकावली आणि एवढंच म्हणाली, "आत्याबाई, झोपायचंच होतं तर मला फोन तरी करायचा."

मग दवाखाने सुरू झाले. आधी गुडघे, मग डोकं, मग पोट. कॉलनीतल्या डॉक्टरने सलाईन लावलं, दुसऱ्याने सोनोग्राफी केली, तिसऱ्याने डोळे तपासून घ्या म्हणून सांगितलं. रिपोर्ट चांगला आला की घरात कुणालाच आनंद होत नसे. वाळूजला कंपनीत असलेला मुलगा आकाश एकदा जेवताना म्हणाला, की आईला काही झालेलं नाही, तिला फिरायला आवडतं. गीताबाईंनी ते ऐकलं आणि ताट सरकवलं. तरी आठवड्याने त्याच म्हणाल्या, दवाखान्यात चला. त्या दिवसांत त्यांनी मागितलेली तेवढी एकच गोष्ट. रांगेच्या शेवटी कुणीतरी मनगट हातात धरायचं, तेवढ्यासाठी त्या चार तास बसत.

सहाव्या महिन्यात दोघं सरकारी दवाखान्यात गेले. सर्जेरावांनी तीस वर्षं शाळेत शिपायाचं काम केलं होतं. साहेबाचा वेळ खायचा नाही, हे अंगात मुरलेलं. त्यांनी बायकोला आधीच बजावलं, थोडक्यात सांग.

तरुण डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं, "आजी, काय होतंय?"

"काहीच होत नाही."

"मग छान आहे की."

त्यांनी कागदावर लिहिलं, त्रास नाही. शक्तीच्या गोळ्या दिल्या.

सर्जेरावांना कळलं होतं. दोघंही सिल्लोडकडचे. तिकडे माणूस 'होत नाही' म्हणतो तेव्हा त्याच्याच्याने होत नाही असं तो सांगत असतो. भाकरी थापणं होत नाही, वेणी घालणं होत नाही, उठून बसणं होत नाही. शब्द त्यांच्या ओठापर्यंत आला. पण मागचा पेशंट खुर्चीला खेटून उभा होता, आणि खरं सांगायचं तर 'त्रास नाही' हे वाचून त्यांनाही बरं वाटलं होतं. घरी त्यांनी तो कागद सगळ्यांना दाखवला. त्यानंतर गीताबाईंना कुणी दवाखान्यात नेलं नाही. त्यांनीही म्हटलं नाही.

दोन महिन्यांत त्या अर्ध्या भाकरीवर आल्या. सर्जेराव तो कागद घेऊन एकटेच परत गेले आणि उभ्याउभ्या डॉक्टरीणबाईंना त्या शब्दाचा अर्थ सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. हा गुडघ्याचा नाही, मनाचा आजार दिसतोय, म्हणाल्या. वरच्या मजल्यावर त्याचे वेगळे डॉक्टर असतात, गुरुवारी घेऊन या.

गुरुवारी गीताबाई उठल्या नाहीत. "मी येडी नाय," म्हणाल्या आणि पांघरूण डोक्यावर घेतलं.

दिवस वाया जायला नको, निदान गोळ्या तरी मिळतील, म्हणून सर्जेराव गेले आणि आपल्याच नावाने कागद काढला. डॉक्टर वयस्क होते, घाई नसलेले. झोप? पहाटे तीनला मोडते. जेवण? मातीसारखं लागतं. कशात मन रमतं? कशातच नाही. गीताबाईंचं सगळं त्यांनी आपलं म्हणून सांगितलं, आणि कुठे अडखळले नाहीत.

"आता जगू नये, असं मनात येतं? जिवाचं काही करून घ्यावं, असं?"

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हे सर्जेरावांना ठाऊक नव्हतं. अंदाजही येईना.

"तिला येतं का, ते माहीत नाही साहेब," ते म्हणाले, आणि मग सगळं खरं सांगितलं.

डॉक्टर रागावले नाहीत. असंच, याच शब्दांत घरी जाऊन विचारा, म्हणाले. विचारल्याने काही वाईट होत नाही. आणि उत्तर हो आलं तर त्यांना क्षणभरही एकटं सोडू नका, आजच घेऊन या, कितीही वाजू देत.

घरी दुसरं कुणी नव्हतं. सर्जेराव खाली फरशीवर बसले आणि त्यांनी विचारलं.

गीताबाईंनी पांघरुणातून तोंड काढलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी नवऱ्याकडे सरळ पाहिलं.

"आत्ता इचारता व्हय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "लई दिस झाले त्याला."

सर्जेरावांनी आकाशला फोन लावला. शिफ्ट सुटल्यावर बघू, तो म्हणाला. त्यांनी फोन ठेवला आणि शेजारच्या भागूबाईंना हाक मारून रिक्षा थांबवायला सांगितली. गीताबाई नको म्हणाल्या नाहीत. हो सुद्धा म्हणाल्या नाहीत. त्यांना बसतं करताना सर्जेरावांचा हात पाठीला लागला. लुगड्याखाली नुसती हाडं होती, आणि ती आत्ता पहिल्यांदाच त्यांच्या हाताला लागत होती.