सहाव्या गाडीतला तीन नंबर

बॉनेटच्या खालून बोलतोय मी, तेव्हा आवाज जरा दबका वाटेल. मी एक इंजेक्टर. बोटाएवढा जीव, डोक्याला तारा, तोंडाला सुईच्या टोकासारखी बारीक भोकं. इंजिनात आम्ही चार भावंडं, त्यात मी तीन नंबरचा. वरून आलेलं पेट्रोल विजेची टिचकी बसली की धुक्यासारखं फवारून आत सोडायचं, एवढंच आमचं काम. खेटून राहतो, त्यामुळे दोन नंबर कशाला कुरकुरतोय, चार नंबर कुठे खोकतोय, सगळं मला बसल्याजागी कळतं. कळून घ्यायची खोडही आहेच, नाही कशाला म्हणू.

आमचे मालक थिएन-फू. ताइनान शहरातल्या एका अरुंद गल्लीत त्यांचं चष्म्याचं दुकान, वर घर. लग्न केलं नाही. भाऊ-भावजय अकाली गेले तेव्हा पुतण्याला, युआन-पिंगला, घरी आणलं आणि त्याला शाळेत सोडायला ही गाडी घेतली. जुनीच घेतली, पण काय फिरलो तेव्हा! सुट्टी लागली की समुद्र, ताप आला की दवाखाना. त्या दिवसांत माझ्या तोंडावर कधी थर बसला नाही.

पुढे पुतण्या नोकरीसाठी ताइचुंगला गेला आणि गाडी उभी राहिली. बिघडली म्हणून नव्हे, जागेपायी. दुकानासमोर मालकांनी कुंड्या ठेवून गाडीपुरती जागा अडवलेली. गाडी हलली की समोरच्या नूडल्सवाल्या पाओ-चू मावशींचा जावई तिथे आपली गाडी घुसवणार, ही धास्ती. मालक रोज काचा पुसायचे, टायर दाबून बघायचे, पण किल्ली फिरवायचे नाहीत. मावशी दारातून म्हणायच्या, "थिएन-फू, ही गाडी नाही, चाकं लावलेली कुंडी आहे. पाणी तरी घाल."

वर काच चकचकीत आणि आत पेट्रोल शिळं. शिळ्या पेट्रोलचा डिंक होतो. तो चौघांना लागला, पण माझ्या तोंडावर पापुद्राच धरला.

आणि युआन-पिंगचं लग्न ठरलं. मुलगी चिआयीच्या डोंगरातल्या गावची, चहाच्या मळ्यांतली. आमच्याकडे नवरीला आणायला गाड्या शुभ म्हणून समसंख्येत लागतात. सहा ठरल्या. पाच मित्रांच्या, सहावी काकांची. मुलीच्या आजीने निरोप धाडला होता की सहा निघाल्या तर सहाच घरी पोचल्या पाहिजेत, वाटेत एखादी बंद पडली तर आजीच्या जिवाला घोर लागेल.

लग्नाच्या आधी मालकांनी किल्ली फिरवली आणि सगळी गाडी थंडी वाजल्यासारखी हुडहुडली. माझ्यामुळे. तीन नंबरच्या घरात धड पेट्रोलच पोचेना. गॅरेजवाला म्हणाला, चारही बदला, पण माल लग्नानंतर येईल. युआन-पिंग रजेवर आलेला. त्याने काकांना हळूच सांगितलं की तो सहावी गाडी भाड्याने आणेल, काकांनी मित्राच्या गाडीत मागे आरामात बसून यावं.

मालक म्हणाले, "मांडीवर ठेवून न्यायला मी आहेर आहे का?"

भाड्याच्या गाडीवाल्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. तेवढीच आमची मुदत. मी सुधारलो तर मालक वरातीत गाडी हाकणार, नाही तर ज्या पोराला वाढवलं त्याच्या वरातीत पाहुण्यासारखे बसणार.

सकाळी काका-पुतण्यांनी कामाला हात घातला. आधी पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतला दाब गेला. मग बॅटरीची तार सोडवली आणि आम्हाला एकेक करून उपटलं. चष्मे पुसायच्या फडक्यावर चौघं ओळीने पडलो. बाहेरचा उजेड मी पहिल्यांदाच बघत होतो, पण कौतुक करायला धीर कुणाला?

मीटर लावला. आतल्या तारेच्या वेटोळ्याचा आकडा चौघांचा सारखा आला, म्हणजे जळालेलं कुणी नव्हतं. मालकांनी श्वास सोडला. मग लहान बॅटरीने क्षणभर टिचकी, जास्त वेळ धरली तर आम्ही जळतो. एक, दोन, चार टकटक बोलले. माझा आवाज उशीत तोंड खुपसल्यासारखा आला.

आता फवारा बघायचा. मावशींनी आंबवलेल्या टोफूच्या एकसारख्या चार बरण्या दिल्या, वर बजावलं की परत देताना वास आला तर दोघांनाही नूडल्स बंद. गल्लीत मोकळ्या हवेत बरण्या मांडल्या. आमच्या डोक्यावर नळीने सफाईच्या फवाऱ्याचा डबा जोडला. बॅटरी आणि बटण लांब तारेने पार दुकानाच्या पायरीवर, युआन-पिंगच्या हातात, ठिणगीचं भय नको म्हणून. भावंडांचे झुपके सुंदर पडले. माझ्या तोंडातून लाळ गळावी तशी धार.

पुन्हा बटण. पुन्हा धार. हवेत तो जळका, झोंबणारा वास भरलेला, आणि तेवढ्यात मला दुसरा वास आला. धुराचा.

आमच्या चांद्र महिन्याचा सोळावा दिवस. दुकानदारांनी देवाला नैवेद्य दाखवून त्याच्या नावाच्या खोट्या कागदी नोटा जाळायचा. मावशींनी नेहमीसारखी पत्र्याची जाळायची बादली गल्लीत आणली होती आणि पहिली गड्डी पेटवली होती. वारा आमच्याकडे. जळत्या कागदाचा एक काळा तुकडा, कडेला लाल, डुलत डुलत बरण्यांच्या दिशेने निघाला. मला हलता येत नाही. मी नुसता बघत राहिलो.

मालक ओरडले नाहीत. आवाज एकदम खाली नेऊन म्हणाले, "पाओ-चू, झाकण टाक. आत्ता."

मावशींनी नूडल्सच्या पातेल्याचं झाकण बादलीवर आदळलं. मालकांनी अंगातला सदरा उतरवून बरण्यांवर धरला. तुकडा सदऱ्यावर बसला, युआन-पिंगने दुकानातून बादलीभर पाणी आणून ओतलं. सदऱ्याला नाण्याएवढं भोक पडलं.

मग मावशी म्हणाल्या, "देव थांबतील. मला सांग, मी काय धरू?"

दुकानात चष्मे धुवायचं, विजेवर बारीक थरथरणारं भांडं होतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून मला तोंडापुरतं बुडवलं. अंगाला मुंग्या आल्या. मावशी मला सरळ धरून, युआन-पिंग मधूनमधून बटण दाबत, मालक डोळ्याला भिंग लावून. माझ्या ओठांवरून तपकिरी धूर निघावा तसा मळ सुटला. दर खेपेला पाणी बदललं. मग पुन्हा बरणी. आता झुपका पडला. डावीकडे थोडा विरळ, पण झुपका.

चारही बरण्या उजेडात धरल्या. युआन-पिंगचा चेहरा पडला. "काका, तीन नंबर अजून किंचित कमी आहे."

मालक चष्मा कपाळावर नेत म्हणाले, "माझ्याही दोन डोळ्यांचा नंबर सारखा नाही. दिसतं ना?"

नव्या रबरी कड्या घालून आम्हाला जागी बसवलं, टाकीतलं शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं. इंजिन लागलं. हुडहुडी गेली, बारीक कापरं राहिलं. चाचणीला गाडी बाहेर काढायची, आणि मालकांचा पाय अडला. जागा! मावशींनी स्टूल आणलं, कुंड्यांच्या मधोमध ठेवलं आणि त्यावर बसल्या. "जा. जावई आला तर माझ्या मांडीवर लावेल गाडी."

संध्याकाळी युआन-पिंगने भाडेवाल्याला फोन करून नको सांगितलं.

लग्नाच्या दिवशी डोंगराच्या वळणांवर मी जीव मुठीत धरून फवारत होतो. नवरीच्या दारात उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवायचं होतं, ते सगळ्यात कठीण. कापरं वाढलं. मालकांचा हात स्टिअरिंगवर थापटत होता, तापलेल्या पोराच्या पाठीवर थापटतात तसा. पुढच्या गाडीच्या खिडकीतून नवरीने माहेराकडे शेवटचं बघत रीतीप्रमाणे हातातला पंखा रस्त्यावर टाकला, जुने हट्ट इथेच राहावेत म्हणून, फटाके लागले, आणि पहिला गिअर पडला. मी सगळ्या अंगाने फवारलो. चढ, उतार, पूल, शहर. सहा निघाल्या, सहा पोचल्या.

मावशी नव्या जाकिटात त्याच स्टुलावर बसलेल्या. त्यांनी गाड्या बोटांनी मोजल्या, तेव्हा कुठे उठल्या आणि जागा मोकळी केली.

मालकांनी खिडकीची काच खाली केली. "तुझ्या जावयाला सांग, लावू दे इथे. आम्ही दर रविवारी समुद्रावर जाणार आहोत."

तेव्हापासून जातो. मावशी मागच्या सीटवर बसतात आणि रस्ताभर वळणं सांगतात. माझ्या फवाऱ्याची डावी बाजू अजून विरळच आहे, मालकांना ठाऊक आहे. तुमच्याही दारात एखादी गाडी उभी असेल, काचा पुसून लखलखीत ठेवलेली. आत कुणाचं तरी तोंड चिकटत चाललंय. किल्ली फिरवा. जागा कुणीतरी धरून बसेल.