मावळतीकडची खोली

काही निवडायचं म्हटलं की माझे हात आखडतात. वाचनालयात पुस्तकं देण्याचं काम मी नऊ वर्षं केलं, पण कोणी "एखादं चांगलंसं द्या" म्हणालं की मी कपाटाशी उभा राहून घामाघूम व्हायचो. तेव्हा १९७६ साली पुण्यात कुठं राहायचं हे मी ठरवलं, असं घरात सांगतात ते काही खरं नाही. मी फक्त नकाशा घेऊन गावी, हसनाबादला, गेलो होतो. पुढं जे झालं ते आठवतं तसं लिहितो. आठवण्यात चूकही असेल.

जालना तेव्हा जिल्हा झाला नव्हता. जुन्या जालन्यात धान्याच्या आडतींच्या मागच्या गल्लीत वाचनालय होतं, तिथं मी कारकून. पुण्याच्या सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी मिळाल्याचं पत्र आलं, ते मी तीनदा वाचलं आणि मग बायकोला, बेबीनंदाला, वाचायला दिलं. न जाणो, नाव दुसऱ्या कोणाचं असायचं. तिनं एकदाच वाचलं.

"तुमचंच आहे," ती म्हणाली. "आता राहायचं कुठं ते बघा."

दोन जागा होत्या. बेबीनंदाचा भाऊ भिवा येरवड्याला असायचा. त्यानं आपल्या वस्तीत एक खोली बघून ठेवली होती, छापखान्यापासून चालत जाण्याइतकी जवळ. शेजार सगळा आपल्या माणसांचा, कोपऱ्यावर विहार. खोलीवाला रविवारपर्यंत थांबणार होता. दुसरी जागा कोथरूडची. वाचनालयाचे चिटणीस अण्णासाहेब, त्यांच्या भाच्यानं तिथं बंगला बांधला होता आणि मागं दोन खोल्या काढल्या होत्या.

"माझं पत्र घेऊन जा, कोणी काही विचारणार नाही," अण्णासाहेब म्हणाले.

मनानं ते चांगले होते. पण काय विचारणार नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही, आणि आम्ही दोघंही टेबलाकडं बघत होतो.

पुणं मी पाहिलेलं नव्हतं. नोकरीची मुलाखत औरंगाबादेत झाली होती. नकाशा दिला सिराजोद्दीननं. तो पुस्तकांची बांधणी करायचा, वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्याच्याकडंच जात. कुठल्या तरी रद्दीत त्याला पुण्याचा नकाशा सापडला होता, घड्यांवर चिरलेला. त्यानं मागून मांजरपाट लावून तो खळीनं चिकटवला आणि दुकानाच्या फळीवर वाळत घातला.

"तातेराव, एक सांगू का?" तो म्हणाला. "शहर कागदावर पसंत नको करू. माझ्या मामूंनी हैदराबादेत मशिदीजवळ घर घेतलं, अजान बराबर ऐकू यावी म्हणून. दुसऱ्याच साली कानांनी जवाब दिला."

"मग काय केलं त्यांनी?"

"काय करतील? तिथंच राह्यले. मशिदीतली माणसं चांगली निघाली."

मला त्यातून काही ठरवता आलं नाही. माझी इच्छा एकच होती, मायनं आमच्याबरोबर पुण्याला यावं. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. हसनाबादेत ती एकटीच होती, आणि मी दर महिन्याला जाऊन एक दिवस तिच्या अंगणात पुस्तक वाचत बसायचो, यापलीकडं माझा तिला काही उपयोग नव्हता. जिथं यायला ती राजी होईल ती जागा घ्यायची, असं मी मनाशी म्हटलं. खरं तर निवडीचं ओझं तिच्यावर टाकायचं होतं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मी आणि बेबीनंदा गेलो. मी अंगणातल्या बाजेवर नकाशा पसरला. मायला वाचता येत नव्हतं. तिनं नकाशाभोवती एक फेरी मारली, बाजेवरच्या गोधडीचं माप घ्यावं तशी.

"सूर्य कुठून निघतो ह्याच्यात?"

मी उजवी कड दाखवली. तिनं त्या कडेवर तळहात सपाट ठेवला.

"मंग आपण इकडं."

"माय, शहरात तसं नसतं."

"भिवाची खोली कुठंय?"

मी येरवडा शोधू लागलो. ते मायच्या तळहाताखालीच होतं. तिनं हात उचलला, बघितलं आणि म्हणाली, "मंग?"

आमच्याकडं आपली वस्ती गावाच्या उगवतीला असते. वर्षाचे बहुतेक महिने वारा मावळतीकडून येतो. तो साऱ्या गावावरून फिरतो, चुलींचा धूर, गोठ्यांचा वास, उकिरड्यांचा केर घेतो आणि शेवटी आपल्याकडं येतो. माझ्या आजानं कुठं राहायचं ते निवडलं नव्हतं, वडिलांनी नव्हतं. छप्पन साली आम्ही धर्म बदलला, गावकीची कामं सोडली, पण घरं होती तिथंच राहिली. हे सगळं मला माहीत होतं. तरी नकाशात मला ते दिसलं नव्हतं, मायला दिसलं.

"आत्याबाई, म्हणूनच मला इकडं जायचंय," बेबीनंदा म्हणाली. तिनं डाव्या कडेला बोट ठेवलं. "कोथरूड. तिथं बस संपते म्हणं, पुढं टेकडीच हाये. वारा पहिल्यांदा आपल्या घरात येईल. मंग जाऊ द्या त्याला खुशाल गावात."

इतके दिवस ती मला "तुम्ही बघा, तुम्ही ठरवा" म्हणत होती. तिच्या पोटात हे आहे याचा मला पत्ताच नव्हता.

"अन् छापखाना?" मायनं विचारलं.

"सायकलवर जातील."

"ह्यो? सायकलवर?" माय माझ्याकडं बघून हसायला लागली. "ह्यानं कवा चालवली सायकल?"

"शिकतील की. सायकलवरचं पुस्तक आणून देऊ त्यांना."

दोघी हसल्या. मी नकाशाची घडी उगाच सरळ केली.

तेवढ्यात कुडापलीकडून गोजरबाईनं हाक मारली. "चांगुणे, ए चांगुणे. रामकिसनच्या सुनेला कळा येऊन राह्यल्या. जल्दी चल."

माय पदर खोचत उठली. ती सुईण होती. हसनाबादेत निम्मी पोरं तिच्या हातावर आली होती, आणि त्यात गावातलीही होती. एरवी आमच्या उंबऱ्याकडं न बघणाऱ्या घरांतून त्या वेळी मात्र तिला हाक यायची. जाताना ती मला म्हणाली, "तो कागद उचलून ठेव, कोंबडी बसंल."

ती परतली तेव्हा ऊन कलत होतं. हातपाय धुऊन ती बाजेवर बसली. पोरगी झाली होती, बाळंतीण बरी होती.

"आता ऐक," ती मला म्हणाली. "तुम्ही मावळतीची खोली घ्या. मी काही येत न्हाई."

"मग आपण येरवड्याला घेऊ," मी म्हणालो. "तिथं सगळी आपलीच माणसं आहेत. तुला करमेल."

"तिथं दवाखाना हाये का?"

"मोठा आहे. भिवानं लिहिलंय."

"मंग मला कोण हाक मारंल तिथं?"

बेबीनंदा चुलीपुढं होती. माय आवाज खाली आणून बोलायला लागली.

"मी आले तर माझ्या पायी ती येरवड्याला जाईल. तोंडानं काही म्हणायची न्हाई. अन् तिचं लेकरू बी पुन्हा उगवतीलाच जन्मंल."

"कोणतं लेकरू?"

मायनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझं शिक्षण, नोकरी, सगळ्याचीच लाज वाटली.

"तिसरा लागलाय तिला. तुला सांगितलं न्हाई वाटतं? कामून सांगंल, तू पुस्तकातून मुंडी काढशील तवा ना."

मी तिला आग्रह केला का? केला, थोडासा. "ये ना, माय," असं दोनदा म्हणालो असेन. दुसऱ्या कोणी मुलानं तिचं बोचकं उचलून एसटीत ठेवलं असतं. मला ते सुचलं नाही, की सुचूनही जमलं नाही, हे आज इतक्या वर्षांनी सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिवाला नकाराचं कार्ड लिहिलं आणि अण्णासाहेबांच्या भाच्याला होकाराचं. दुसऱ्या कार्डावर सही करताना हात थांबला. बेबीनंदानं शाई वाळायची वाट पाहिली आणि दोन्ही कार्डं स्वतः पोस्टात नेऊन टाकली.

बाळंतपणाला माय पुण्याला आली. दवाखान्यातल्या नर्सनं तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. ती बसली, हात मांडीवर ठेवून. आतून आवाज येई तशी तिची बोटं हलायची. मुलगी झाल्याचं नर्सनं येऊन मला सांगितलं, तिला नाही. मी मायकडं बघितलं. "डोकं आधी आलं का विचार," ती म्हणाली. मला विचारायला संकोच वाटला.

कोथरूडच्या खोलीत ती सव्वा महिना राहिली. पोरीला तेल लावायची, न्हाऊ घालायची, दुपारी दारात बसायची. बंगल्यातल्या बाई तिला "आजी" म्हणायच्या, प्रेमानंच म्हणायच्या. चांगुणा म्हणणारं कोणी नव्हतं. वारा खरोखरच चांगला यायचा. बेबीनंदा खिडकी कधी लावत नसे.

चाळिसाव्या दिवशी माय म्हणाली, "आता मला गाडीत बसवून दे."

या वेळीही मी दोनदाच "राहा" म्हणालो. स्टँडवर तिला जालन्याच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभा राहिलो. काय बोलायचं ते मी वाटेत ठरवून ठेवलं होतं, चांगली तीन-चार वाक्यं होती. पण तिच्या शेजारी एक अनोळखी बाई येऊन बसली होती, पोटुशी, आणि गाडी हलली तरी माय तिला कितवा चाललाय, पाय सुजतात का, हे विचारत होती.