पाटी कापलेला मूकपट

मी एक मूकपट बोलतोय. हसता काय? जन्मभर तोंड उघडायची सोय नव्हती, आता एकदाच पोटभर बोलून घेतो.

माझं नाव ‘सालस सरोजिनी’. जन्म एकोणीसशे एकवीसचा. माझी नायिका म्हणजे आमचे भाऊ. हो हो, हेच घाटकोपरचे, पोट सुटलेले, यंदा कचेरीतून निवृत्त झालेले! तेव्हा घरंदाज बायका पडद्यावर यायला तयार नसत. मग एकोणीस वर्षांच्या भाऊंनी मिशी उतरवली आणि लुगडं नेसलं. त्यांचे वडील सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत, म्हणजे घरातही मूकपटच. भाऊंचं अक्षर सुरेख, म्हणून पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्याही त्यांनीच लिहिल्या.

माझी गोष्ट सोपी आहे. बंगल्यातले सगळे सज्जन. गरिबांना माझ्यात दोनच कामं: चोरी करणं आणि पाया पडणं. मोलकरीण सरोजिनीचा हार पळवते, सरोजिनी तीनदा बेशुद्ध पडते, संपलं. मला त्यात काही वावगं वाटत नसे. खोटं कशाला बोलू?

कंपनी बुडाली तेव्हा भाऊंनी मला पत्र्याच्या पेटीत घालून घरी आणलं. छत्तीस वर्षं मी खाटेखाली, आणि माझ्या डोक्यावर भाऊंच्या बायकोचा, सुलक्षणाबाईंचा, पापडांचा डबा.

निवृत्त झाल्यावर भाऊंना जुनी हौस आठवली. कुठूनसं सिनेमा दाखवायचं, हाताने फिरवायचं यंत्र आणलं. मला कुबट वास येत होता, म्हणून देवघरातली चांदीची वाटी कापरासकट माझ्या पेटीत ठेवली आणि साफ विसरून गेले!

झालं. सुलक्षणाबाईंनी वाटीसाठी घर उलटंपालटं केलं. संशय कुणावर? मागच्या दारानं येऊन भांडी घासणाऱ्या जानकीवर. तिच्या नवऱ्याची गिरणीतली नोकरी सुटलेली, चूल पेटायची ती अशा चार घरांच्या भांड्यांवर. चोर असा बोभाटा झाला तर तिला दुसऱ्या दारात कोण उभं करणार? वाटी माझ्या उशाशी, आणि मला वाचा नाही! जीव नुसता कासावीस झाला हो.

रविवारी दुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून खेळ सुरू झाला. शेजारपाजारचे जमले. जानकीही भांडी ठेवून दाराशी बसली. वाचता न येणाऱ्यांसाठी भाऊ पाट्या मोठ्यानं वाचत होते. मोलकरणीने हार उचलला आणि पाटी आली. भाऊ गरजले, “हलक्या कुळात जन्मलेली, ती चोरी करणारच!”

खोलीतल्या सगळ्या माना जानकीकडे वळल्या.

शेजारच्या पद्मजाबाई पुटपुटल्या, “अगदी खरंय गं बाई.”

“जानकी, उद्यापासून येऊ नकोस,” सुलक्षणाबाई म्हणाल्या.

जानकी उठली. “वैनीनू, मियां वाटी घेवक नाय. देवाशप्पथ नाय!”

पहिलं रीळ संपलं होतं. भाऊंनी घोंगडी बाजूला केली, दुसरं रीळ काढायला पेटीच्या तळाशी हात घातला, आणि हाताला लागली वाटी. वाटीत कापूर शिल्लक नव्हता, पण वास होता. सगळ्यांना आला.

“अगंबाई!” सुलक्षणाबाई मटकन खाली बसल्या. पद्मजाबाईंना एकदम दूध उतू गेल्याचं आठवलं.

जानकीने डोळे पुसले. “भाऊनू, ती पाटी कोणी लिवली?”

भाऊंचा चेहरा पडला. “मीच गं.”

“मगे तुमीच काय ता करा.”

एवढंच बोलली. भाऊ तडक आत गेले. शिवणाच्या टोपलीतली कात्री आणली. पाटी कापली, मोलकरीण हार उचलते तो तुकडाही कापला. दुखलं का, म्हणता? खूप दुखलं. पण मी आणि जानकी, दोघांपैकी एकालाच त्या घरात मान ताठ ठेवता येणार होती, आणि ती जानकीने ठेवावी असं मलाही वाटलं. माझ्यापेक्षा तिचं जास्त दुखलं होतं.

सुलक्षणाबाईंनी हात जोडले, तेव्हा जानकी म्हणाली, “येतंय उद्या. पण येताना पुढच्या दारान येतलंय.” आणि आली.

आता मी चार हात आखूड आहे. जोडाची जागा खडखडते, गोष्टीला शेंडा ना बुडखा. हार कपाटात असतो, पुढच्या क्षणी नसतो. माझ्यासारखे बरेच जण अजून पेट्यांमध्ये पडून आहेत, तेवढे एकदा उघडून बघा, बाबांनो.

खेळ झाला की मुलं हमखास विचारतात, “भाऊ, हार कुणी नेला?”

यंत्र पुसता पुसता भाऊ म्हणतात, “घरातच असेल रे. आधी नीट शोधा.”