बुडबुडे वर चढले तर

मी जव्हारच्या एका दवाखान्यातलं सोनोग्राफीचं यंत्र बोलतोय. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातल्याशिवाय मला कुणी शिवत नसे. इथे येताना घाटात गाडी लागलेला हमाल माझ्या खोक्यावर डोकं टेकून झोपला. खोक्यावर 'नाजूक, जपून हाताळा' असं लिहिलं होतं. ते आपल्याविषयीच आहे असा त्याचा समज झाला असावा.

माझ्यासमोर आजवर पोटुश्या बायाच झोपल्या. मुलगा की मुलगी हे सांगायला मला कायद्याने बंदी आहे. भिंतीवर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलंही आहे. तरी जाताना प्रत्येक सासू मला एकदा नजरेने विचारून बघते.

त्यामुळे टीना आपल्या सात वर्षांच्या लेकीला, करिष्माला, घेऊन डोंगरावरच्या सूर्यमाळहून आली, तेव्हा बाकावरच्या बायांनी तोंडाला पदर लावले.

"हिला कितवा म्हयना गं, बाय?"

"तूच मोज ना," टीना म्हणाली. "तुला सवय हाय."

करिष्माला सारखा थंडी वाजून ताप येई. लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढत असेल, अशी शलाका डॉक्टरांना शंका होती. तसं असेल तर मूत्रपिंड हळूहळू निकामी होतं. शहरात हे क्ष-किरणांनी बघतात. पण ते किरण कोवळ्या अंगात शिरतात, आणि तपासणी तर पुन्हा पुन्हा करावी लागते. माझ्यात किरण नाहीत. मी नुसता आवाज सोडतो, तोही कुणाला ऐकू न येणारा.

शलाका डॉक्टरांना लांबलचक समजावून सांगायची हौस आहे. त्यातलं महत्त्वाचं एवढंच होतं: "नळीने बुडबुड्यांचं औषध पोटातल्या लघवीच्या पिशवीत सोडायचं. मग हिने इथेच, निजल्यानिजल्या लघवी करायची. बुडबुडे खाली गेले तर बरं. वर चढले, तर ताप तिथूनच येतोय."

"पोरीच्या पोटात वारा भरताय?"

"इतकासा. लघवीबरोबर निघून जातो."

"नि इथंच? गादीवर?"

"गादीवरच."

"गोधडीत मुतली तर मी हिला हानते. नि तुम्ही मुत म्हनताय!"

पिशवी भरली. बुडबुडे माझ्या पडद्यावर पांढरेशुभ्र दिसू लागले. पण करिष्मा डोळे मिटून, दात दाबून पडली. थेंब पडेना. तेव्हा डॉक्टरांनी शहरात शिकलेला उपाय केला. कोपऱ्यातला नळ सोडला. धार ऐकली की पोरांना होते म्हणे.

करिष्माने खाडकन डोळे उघडले.

"आये, पानी चाललंय! बंद कर, पानी चाललंय!"

ती उठूनच बसू लागली. नळी निसटता निसटता राहिली. सूर्यमाळला उन्हाळ्यात हंड्यासाठी डोंगर उतरावा लागतो. तिथल्या पोरीला वाहत्या नळाने मोकळं वाटत नाही, हे बहुधा पुस्तकात नव्हतं.

टीनाने धारेखाली बादली सरकवली. करिष्मा मान वळवून ती भरताना पाहत राहिली. बादली काठोकाठ झाली, टीनाने नळ बंद केला, आणि पोरगी सैल पडली.

बुडबुडे खाली निघाले. डावीकडचे थोडे मात्र वळले आणि वर चढले, थेट मूत्रपिंडापर्यंत. मला लपवता येत नाही. मी दाखवलं.

"थोडंच चढतंय, वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाल्या. "औषध देते. दिवाळीनंतर परत बघू. असं कितीदा बघितलं तरी किरणांची भीती नाही. पण हिने लघवी रोखायची नाही, आणि पाणी भरपूर प्यायचं."

"भरपूर?" टीना हसली. "आमच्या पाड्यावर? डागतरीनबाय, त्यापरीस ही मशीनच द्या घरी. ती परवडंल."

लांबलचक बोलणाऱ्या शलाका डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाचं नाव तेवढं लिहिलं.

वाचकहो, दिवाळीनंतर करिष्मा येईल, तेव्हा जे दिसेल ते मी खरं सांगेन. बुडबुडे वर चढू नयेत, हे मात्र माझ्या हातात नाही. मला सूर्यमाळला नेऊ नका. पाणी न्या.