थापी मिरवते, मी खरवडते

मित्रांनो, भिंती खरवडायची एक जुनी पट्टी तुमच्याशी बोलते आहे. दिसायला मी यथातथाच. मूठ तडकलेली, पातं एका कोपऱ्यात झिजलेलं. मला बघून कोणी 'वा' म्हणेल ही आशा मी कधीच सोडली. खरं सांगायचं तर ऊठसूट 'वा' म्हणणाऱ्यांची मला कीवच येते.

मी राहते त्याच बादलीत ती थापी राहते. भिंतीवर शेवटचा गुळगुळीत थर ओढणारी, चकचकीत, नाक वर करून बसणारी. पोपडे मी काढायचे, धूळ मी खायची, आणि सगळं तयार झालं की बाईसाहेब येऊन दोन हात फिरवणार आणि कौतुक पदरात पाडून घेणार! नावच थापी. थापा मारण्याखेरीज हिला येतं तरी काय?

माझी मालकीण म्हणजे धाकटी. तिचा दादा गिलावा करायचा आणि ती त्याच्यासाठी भिंती तयार करायची. दुकानात पातं वाकवून, सोडून, पुन्हा वाकवून तिने मला निवडलं होतं. काम कसं करायची म्हणाल, तर आधी भिंतीचा तेलकटपणा धुवायची, मग चकाकी जाईपर्यंत घासायची आणि ब्रशने पाणी शिंपडायची. भिंतीने पाणी पिऊन टाकलं तर ठीक. थेंब होऊन ओघळलं, तर पुन्हा घासायला सुरुवात. जिप्समचे बोर्ड असले की मला त्यांच्यावरून सरळ फिरवायची. एखाद्या स्क्रूचं डोकं वर राहिलेलं असलं की मी टक् करायचे, आणि ती तो लगेच आत पिळायची. सांध्यांवर जाळीची टेप लावल्याशिवाय दादाला थापी उचलूच द्यायची नाही. गिऱ्हाईक मात्र दादाचीच पाठ थोपटायचं. आंधळे लेकाचे!

एक दिवस धाकटी म्हणाली, "दादा, नवी पाटी करतोयस ना? माझंही नाव घाल."

दादा हसला. "खरवडणाऱ्याचं नाव पाटीवर? अगं, ते काम काय, कोणीपण करेल."

तिने मला बादलीत टाकलं. "मग कोणालाही बोलाव," म्हणाली आणि निघून गेली.

पुढचं काम एका शिंपीकाकांच्या गाळ्याचं होतं. तिथे आधी तळणाचं दुकान होतं. भिंतीला हिरवा ऑइलपेंट, त्याच्यावर वर्षानुवर्षांचं तेल, आणि मधोमध बोर्डांचं नवं पार्टिशन. दादाने पाणी मारलं. भिंतभर थेंब तरंगले. ते त्याला दिसले, मित्रांनो, चांगले दिसले! तरी पठ्ठ्याने तसाच थर ओढला. मी बादलीतच पडून. पार्टिशनला ना टेप, ना काही. शिंपीकाकांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा! काय हात आहे!" थापी तर अशी चमकत होती की विचारू नका.

थोड्याच दिवसांत काकांनी आरसा लावायला खिळा ठोकला, आणि चादरीएवढा तुकडा भिंत सोडून गिऱ्हाइकांच्या शिवून ठेवलेल्या कोटांवर आला. मागे हिरवा रंग जसाच्या तसा. पार्टिशनलाही वरपासून खालपर्यंत भेग.

आणि दादा काय म्हणाला असेल? "काका, मी काय करणार? भिंत तयार करायचं काम बहिणीकडे होतं."

इतका हलकट माणूस मी आजवर पाहिला नाही.

काकांनी तिला बोलावून घेतलं. "काय गं, भिंत नीट खरवडली नाहीस? आता पुन्हा कोण देईल तुला काम?"

धाकटीने दादाकडे पाहिलं. तो लगेच गोड झाला. "जाऊ दे ना, झालं गेलं. पाटीवर तुझं नाव टाकू, बस?"

"आणि यांच्यासमोर माझं नाव खराब केलंस, त्याचं काय? ते न खरवडताच वरून पाटी लावणार का? ही सारवासारव नको मला, दादा."

दादा काकांकडे वळला. म्हणाला, "काका, ही आलीच नव्हती. मीच आळस केला आणि नाव हिचं घेतलं."

धाकटीने मला बादलीतून उचललं आणि त्याच्या हातात दिलं. "कोणीपण करेल ना? मग कर."

संध्याकाळपर्यंत त्याचे तळहात सोलून निघाले. मला जराही दया आली नाही. मला परत करताना तो पुटपुटला, "चल, उद्यापासून पुन्हा दोघं मिळून..."

"मी माझी वेगळी पाटी लावतेय," धाकटी म्हणाली. "तुला काम हवं असेल तर ये. खरवडायला माणूस लागेलच."

येतो तो हल्ली. अजून मला नीट धरता येत नाही त्याला, पण येतो.

बाकी, मला जपा, तेलपाणी करा, असलं रडगाणं मी गाणार नाही. ते धाकटी न सांगता करते. तुम्ही एवढंच करा, मित्रांनो: पुढच्या वेळी एखादी गुळगुळीत भिंत दिसली की तोंडातला 'वा' जरा आवरा, आणि आधी विचारा, "खरवडलं कोणी?"